विधानसभा नसलेल्या शहरातील वकील

वकिलीतून निवडणुकीच्या राजकारणात जाण्याची वाट भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुळलेली आहे. मात्र त्या वाटेने जाणारा माणूस शेवटी कोठे पोचतो, हे त्याच्या गुणांइतकेच त्याच्या गावाच्या घटनात्मक रचनेवर अवलंबून असते. चंडीगढ हे याचे बोलके उदाहरण आहे. दोन राज्यांची राजधानी आणि त्यांच्या सामाईक उच्च न्यायालयाचे ठाणे असलेल्या या केंद्रशासित प्रदेशाला स्वतःची विधानसभा नाही, त्यामुळे येथील मतदार थेट निवडू शकतात ते लोकसभेचा एक सदस्य आणि महानगरपालिकेचे नगरसेवक एवढेच. अशा शहरात वकिलांचे राजकीय वजन कसे वाढले आणि निवडून आल्यावर त्यांच्या हाती नेमके काय लागले, हे पाहण्यासाठी सेक्टर ३४ आणि त्याच्या आसपासचा दक्षिण भाग हे सोयीचे ठिकाण आहे.

चंडीगढची आखणी दोन टप्प्यांत झाली. पहिल्या टप्प्यात सेक्टर १ ते ३० येतात (मूळ आखणीत १३ क्रमांकाचा सेक्टर नव्हता). सुमारे ९,००० एकरांवर दीड लाख लोकांची वस्ती त्यात अपेक्षित होती. दक्षिण मार्गापलीकडे सुरू होणाऱ्या सेक्टर ३१ ते ४७ या दुसऱ्या टप्प्यात मात्र सुमारे ६,००० एकरांवर साडेतीन लाख लोकांची सोय करावयाची होती. म्हणजे तेथील नियोजित दाटी पहिल्या टप्प्याच्या सुमारे साडेतीनपट होती. या दुसऱ्या टप्प्याचे उपकेंद्र, म्हणजे सेक्टर १७ मधील मुख्य बाजारपेठेवरील भार हलका करणारे दुय्यम व्यापारी व कार्यालयीन केंद्र, म्हणून सेक्टर ३४ आखले गेले. बँका, सरकारी कार्यालये आणि स्पर्धापरीक्षांचे शिकवणीवर्ग तेथे आले. तेथील विस्तीर्ण प्रदर्शन मैदान जत्रा, प्रदर्शने आणि राजकीय सभा यांसाठी वापरले जाऊ लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये पंजाबातील शेतकऱ्यांनी आपले आंदोलन याच मैदानावर केले. उत्तरेकडील सेक्टरांत सत्तेची कार्यालये आणि अधिकाऱ्यांची निवासस्थाने, तर दक्षिणेकडे दाट वस्ती आणि सभांची मैदाने, अशी ही विभागणी आहे.

वकिलांचा वर्ग या शहरात न्यायालयाबरोबर आला. फाळणीनंतर सिमल्याहून चालणारे पंजाबचे उच्च न्यायालय १९५५ मध्ये चंडीगढला आले आणि ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या इमारतीत स्थिरावले. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन हरियाणा वेगळे राज्य झाले, चंडीगढ केंद्रशासित प्रदेश बनले आणि न्यायालय पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांचे राहिले. परिणामी, लोकसंख्येच्या मानाने वकिलांची संख्या मोठी असलेले हे शहर बनले. दुसरीकडे येथील मध्यमवर्गाचा मोठा भाग सरकारी नोकरीत होता आणि सरकारी नोकरांना सेवानियमांमुळे निवडणूक लढवता येत नाही. सुशिक्षित, लोकांत वावरणारा आणि तरीही सरकारच्या पगारावर नसलेला वर्ग म्हणून वकील आपोआप पुढे आले. बार असोसिएशन, म्हणजे वकिलांची संघटना, दरवर्षी आपले पदाधिकारी मतदानाने निवडते. पंजाब विद्यापीठाच्या सिनेटमध्येही नोंदणीकृत पदवीधरांचा स्वतंत्र मतदारसंघ होता. विधानसभेच्या जागा नसलेल्या शहरात प्रचार, गट बांधणे आणि मतमोजणीची सवय या संस्थांतूनच लागत असे.

वकिलाची गरज भासण्याचे आणखी खोल कारण जमिनीच्या कायद्यात होते. १९५२ च्या ‘कॅपिटल ऑफ पंजाब (डेव्हलपमेंट अँड रेग्युलेशन) अॅक्ट’नुसार भूखंड प्रशासनाने विकावयाचा किंवा भाडेपट्ट्याने द्यावयाचा आणि अटींचा भंग झाल्यास, योग्य ती प्रक्रिया पाळून, तो परत ताब्यात घेण्याचा अधिकार राखावयाचा, अशी व्यवस्था झाली. घराच्या वापरात केलेला बदल, वाढवलेली खोली किंवा थकलेला हप्ता यांतून प्रशासनाच्या मालमत्ता कार्यालयाची, म्हणजे इस्टेट ऑफिसची, नोटीस येऊ शकत असल्याने मालक आणि प्रशासन यांचे नाते सतत अर्ज, सुनावणी व अपील यांच्या भाषेत चालले. ही भाषा ज्याला येते, तो वस्तीचा स्वाभाविक प्रवक्ता ठरतो. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई व न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने पहिल्या टप्प्यातील घरांचे सदनिकांत विभाजन करण्यास मनाई केली, तेव्हाही शहराच्या वारशाचा एवढा मोठा प्रश्न लोकप्रतिनिधींच्या सभागृहात न सुटता न्यायालयात सुटला. निकालाचा रोख सेक्टर १ ते ३० वर असल्याने सेक्टर ३४ त्याबाहेर राहिले आणि दोन टप्प्यांतील जुना भेद कायद्याच्या पातळीवर अधिक ठळक झाला.

१९६७ ते २०२४ या काळात चंडीगढमध्ये लोकसभेच्या पंधरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांपैकी किमान नऊ वेळा वकिली पेशातील उमेदवार निवडून आले आणि त्यांच्या कारकिर्दी चार निरनिराळ्या वळणांनी गेलेल्या दिसतात. १९८० व १९८४ मध्ये काँग्रेसतर्फे विजयी झालेले जगन्नाथ कौशल हे आधी राज्यसभेचे सदस्य आणि बिहारचे राज्यपाल राहिलेले ज्येष्ठ विधिज्ञ होते. १९८२ मध्ये ते केंद्रीय कायदामंत्री झाले. थेट निवडणूक त्यांच्या वाट्याला उतारवयात, पदे आणि प्रतिष्ठा मिळाल्यानंतर आली. पवनकुमार बन्सल यांचा क्रम उलट होता: पंजाब विद्यापीठातून कायद्याचे शिक्षण, पक्षकार्य, १९८४ पासून राज्यसभा आणि मग १९९१, १९९९, २००४ व २००९ असे चार वेळा लोकसभेत निवडून येणे. केंद्रात अर्थ राज्यमंत्री, संसदीय कामकाजमंत्री आणि २०१२–१३ मध्ये रेल्वेमंत्री या पायऱ्या त्यांनी चढल्या. त्यांचे प्रतिस्पर्धी सत्यपाल जैन विद्यार्थी चळवळीतून पुढे आले, भारतीय जनता पक्षातर्फे १९९६ व १९९८ मध्ये निवडून आले आणि पुढे उच्च न्यायालयात केंद्र सरकारची बाजू मांडणारे अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाले. म्हणजे लोकप्रतिनिधित्वानंतर ते पुन्हा न्यायालयातच परतले. चौथे मनीष तिवारी. विद्यार्थी व युवक काँग्रेसचे अध्यक्षपद, लुधियाना (२००९) व आनंदपूर साहिब (२०१९) येथील विजय यांनंतर २०२४ मध्ये, २,५०४ मतांच्या निसटत्या फरकाने, ते स्वतःच्या शहरातून निवडून आले.

या चौघांत समान दुवा असा, की पराभव किंवा पक्षांतर्गत अडगळ यांच्या काळात व्यवसाय हाती राहतो. बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. तथापि खासदार-आमदार हे सरकारचे पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, म्हणून त्यांना वकिली करण्यास मज्जाव नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०१८ च्या निकालात, न्या. अजय खानविलकर यांच्या लेखणीतून, स्पष्ट केले. उत्पन्नाची ही स्वतंत्र बाजू असल्याने वकील पाच वर्षे थांबून पुन्हा उमेदवारी मागू शकतो. २०१४ व २०१९ मध्ये अभिनेत्री किरण खेर यांच्या विजयाने मात्र हेही दाखवून दिले, की दूरचित्रवाणीमुळे लाभलेली ओळख स्थानिक बार-विद्यापीठ वर्तुळातील जुन्या ओळखीवर मात करू शकते.

महाराष्ट्रातील वाटेशी तुलना केल्यास फरक उघड होतो. मुंबईचे सॉलिसिटर बाळ गंगाधर खेर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री झाले. कऱ्हाडात वकिली केलेले यशवंतराव चव्हाण आणि पुसदचे वकील वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री झाले. न्यायालयातून विधिमंडळात गेलेल्या या वकिलांना स्वतः कायदे करता आले. जमीनधारणा, सहकार, पंचायत राज यांवर त्यांच्या सरकारांनी विधेयके आणली. काकासाहेब तथा नरहर विष्णू गाडगीळ यांची कारकीर्द या दोन्ही प्रदेशांना जोडते. पुण्यात १९२० च्या सुमारास वकिली सुरू करून १९३४ मध्ये केंद्रीय विधिमंडळावर गेलेले गाडगीळ स्वातंत्र्यानंतर केंद्रीय बांधकाममंत्री झाले, १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पुण्यातून ना. ग. गोरे यांच्याकडून हरले आणि १९५८ ते १९६२ या काळात पंजाबचे राज्यपाल म्हणून चंडीगढला राहिले. लोकांनी निवडलेला वकील पराभवानंतर नियुक्त पदावर गेला, आणि तेही अशा शहरात, जे आठ वर्षांनी नियुक्त प्रशासनाखालीच कायमचे गेले.

१९६६ नंतर चंडीगढचा कारभार मुख्य आयुक्ताकडे होता. १९८४ पासून पंजाबचे राज्यपाल हेच प्रशासक असतात. पुनर्रचना कायद्याच्या कलम ८७ नुसार कोणत्याही राज्यातील कायदा अधिसूचना काढून चंडीगढला लागू करण्याचा अधिकार केंद्राला आहे. महानगरपालिकाही १९९४ मध्ये पंजाबचा १९७६ चा कायदा विस्तारून आली आणि तिची पहिली निवडणूक १९९६ च्या डिसेंबरात झाली. महापौराची मुदत केवळ एका वर्षाची असते. जानेवारी २०२४ च्या महापौर निवडणुकीत आठ मते बाद ठरवून निकाल फिरवला गेला, तेव्हा २० फेब्रुवारीला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तो रद्द करून पराभूत ठरवलेले उमेदवार कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले. शहराच्या प्रथम नागरिकाची निवडही शेवटी वकिलांच्या युक्तिवादावर ठरली.

या रचनेत वकील निवडून आला तरी त्याचे काम फारसे बदलत नाही. घरमालकाच्या दुरुस्तीची परवानगी असो किंवा पालिकेसाठी वाढीव निधी, निर्णयाचा अधिकार गृहमंत्रालय आणि प्रशासक यांच्याकडे असल्याने खासदार तेथे अर्ज करतो, पाठपुरावा करतो, लोकसभेत प्रश्न विचारतो. पुण्या-पुसदच्या वकिलाला मतदारांनी अशिलाची बाजू सोडून निर्णय देणाऱ्याच्या जागी बसवले. चंडीगढच्या मतदारांनी आपल्या वकिलाला अधिक मोठ्या दरबारात बाजू मांडण्याचे वकीलपत्र दिले. सेक्टर ३४ मधील सभेत शहराच्या हक्काची मागणी होते, तेव्हा तिच्यावर निर्णय देणारा सभामंचावर नसतो, ही उमेदवारांच्या उणिवेपेक्षा १९६६ च्या मांडणीची फलश्रुती आहे. ही मांडणी जोवर संसद बदलत नाही, तोवर येथील लोकप्रतिनिधीची कसोटी त्याने किती कायदे केले यावर लागणार नाही. त्याने शहराची बाजू किती चांगली मांडली यावरच लागेल, आणि म्हणूनच मतदारांची नजर वारंवार बारकडे वळत राहील.