टोपलीखालचा माणूस

उंच माणसाचा हेवा सर्वांस वाटतो. पण त्याच्याविरुद्ध नियम करण्याची संधी बास्केटबॉलच्या पंचमंडळींनी क्वचितच दवडली आहे. या खेळाचा इतिहास चाळू लागले की ही गोष्ट ठायी ठायी प्रत्ययास येते. आम्ही तो चाळू लागलो याचे कारण मात्र मैदानावरचे नाही. सरकारी वसाहतींतून रात्री उशिरापर्यंत ज्या खोल्यांत उजेड दिसतो, तेथे अभ्यासच चाललेला असतो असे नाही. पुष्कळदा निरनिराळ्या शहरांतील दहा अनोळखी माणसे पडद्यावर बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळत असतात, आणि त्या दहांतील जे दोघे सेंटरचे, म्हणजे टोपलीखालच्या उंच गड्याचे, काम पत्करतात त्यांची एकच तक्रार असते : आपणांस चेंडू कोणी देत नाही. ही तक्रार आम्ही पुष्कळ ऐकली आहे, थोडी भोगलीही आहे. तिची पूर्वपीठिका फार जुनी आहे.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता, म्हणून टोपली १० फुटांवर आली, आणि आजही ती तेथेच आहे. प्रारंभी प्रत्येक गुणानंतर चेंडू मैदानाच्या मध्यभागी वर उडवीत व दोन्ही पक्षांचे उंच गडी त्यासाठी झेप घेत. ‘सेंटर’ हे नाव तेथून आले. १९३७ साली ही पद्धत बंद झाली. नाव मात्र राहिले. खाते मोडले तरी पदनाम उरावे, तसे.

उंच माणूस म्हणजे बोजड माणूस, असा समज त्या काळी रूढ होता. १९४२ साली शिकागोच्या डी पॉल विद्यापीठात रे मायर हे नवे प्रशिक्षक आले. त्यांच्या हाती ६ फूट १० इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा जॉर्ज मायकन हा विद्यार्थी लागला. मायर यांनी त्यास दोरीवरच्या उड्या मारावयास लावल्या, मुष्टियुद्ध शिकविले, नृत्याचे धडेही देवविले. मायकन आणि ओक्लाहोमाचा बॉब कर्लंड हे दोघे टोपलीत उतरू पाहणारा चेंडू वरच्या वर थोपवू लागले, तेव्हा १९४४ साली महाविद्यालयीन खेळात त्यास बंदी झाली. नियम योग्यच होता, असे आम्हांस वाटते. नाही तर टोपलीवर झाकण ठेवल्यासारखे झाले असते. पण येथून जी मालिका सुरू झाली, ती पाहण्यासारखी आहे.

मायकन पुढे मिनियापोलिस लेकर्स या व्यावसायिक संघात गेला. १९४९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर त्या दिवसाच्या सामन्याची पाटी लागली, तीत लेकर्सचे नावच नव्हते. ‘मायकन विरुद्ध निक्स’ एवढाच मजकूर होता. असल्या माणसाशी सामना कसा करावा? २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने यावर उपाय शोधला. त्यांनी चेंडू हाती धरून वेळ काढला, आणि सामना १९–१८ असा जिंकला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ एकट्या मायकनचे होते. प्रेक्षकांनी पैसे मोजून पाहावा असा हा खेळ नव्हता. अखेर १९५४ साली २४ सेकंदांत चेंडू टोपलीकडे टाकलाच पाहिजे, असा नियम झाला.

तत्पूर्वीच, १९५१ साली, टोपलीसमोरचा रंगविलेला पट्टा ६ फुटांवरून १२ फूट रुंद करण्यात आला. या पट्ट्यात आक्रमक गड्यास ३ सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. तो रुंद करणे म्हणजे उंच माणसास टोपलीपासून दूर हाकलणे. पुढे १९६२ च्या मार्चमध्ये विल्ट चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले, आणि १९६४ साली पट्टा १६ फुटांचा झाला. मध्यंतरी १९५४ मध्ये टोपलीच १२ फुटांवर टांगून एक सामना खेळविण्यात आला. टोपली चढविली की ती ठेंगण्यासही तितकीच चढते, हे प्रयोगाविनाही कळण्यासारखे होते. तो प्रकार तेथेच थांबला. १९६७ साली महाविद्यालयीन खेळात चेंडू वरून टोपलीत दडपण्यास मनाई झाली. कॅलिफोर्नियातील ल्यू अल्सिंडर, म्हणजेच पुढचा करीम अब्दुल-जब्बार, याच्यामुळे हा नियम झाला, असे तेव्हा उघड बोलले जाई. मनाई १९७६ पर्यंत टिकली. करीमने डोक्यावरून वळसा देऊन चेंडू सोडण्याची आपली हातोटी इतकी पक्की केली की १९८९ मध्ये निवृत्त होताना त्याच्या नावावर ३८,३८७ गुण होते, आणि तो विक्रम २०२३ पर्यंत अबाधित राहिला.

उंच माणसाचा खरा घात मात्र पट्ट्याने केला नाही, रेषेने केला. १९६७ साली स्थापन झालेल्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनने दुरून टाकलेल्या चेंडूस तीन गुण देण्याचे ठरविले. त्या संस्थेचा पहिला आयुक्त कोण होता? जॉर्ज मायकन! एनबीएने ही रेषा १९७९ साली स्वीकारली. तिचे मर्म साध्या हिशेबात आहे. दुरून १०० वेळा चेंडू टाकून ३६ वेळा साधला तरी १०८ गुण होतात. जवळून ५० वेळा साधूनही १०० च होतात. हा हिशेब सर्वांस पटावयास तीन दशके लागली. पटल्यावर २०१२ साली एनबीएच्या वार्षिक तारका-सामन्याच्या मतपत्रिकेतून ‘सेंटर’ हा रकानाच नाहीसा झाला. २०१५ साली पंजाबातील बल्लो के गावचा ७ फूट २ इंचांचा सतनामसिंग भामरा एनबीएच्या निवडीत आलेला पहिला भारतीय ठरला, तो सेंटर म्हणूनच. पण एनबीएच्या मुख्य सामन्यात तो कधी उतरला नाही. पुढे तो कुस्तीच्या रिंगणाकडे वळला.

याच सुमारास पडद्यावरचा खेळ फोफावला. २०१८ साली तर खुद्द एनबीएच्या सहभागाने अशा खेळाडूंची ‘टू के लीग’ सुरू झाली. तीत पाच जण पाच स्वतंत्र गडी हाकीत. आम्ही खेळतो त्या खेळात गडी घडवितानाच उंचीची किंमत मोजावी लागते : इंच वाढविला की धाव मंदावते, दूरची नेमबाजी कमी होते. हे न्याय्य आहे. पण मैदानावर ‘चेंडू आत द्या’ असे ओरडणारा प्रशिक्षक असतो, येथे कोणी नसतो. चेंडू वर आणणारा गार्ड २४ पैकी २० सेकंद तो आपटीत राहतो. सेंटर त्याच्यासाठी भिंतीसारखा उभा राहून वाट मोकळी करून देतो, चुकलेला चेंडू खाली उतरवितो, पुन्हा त्याच्याच हाती देतो. चेंडू मागण्याची कळ फार वेळा दाबली तर सहकार्याचे गुण कापले जातात. त्यात तारांचा विलंब असा, की झेप घेतली तरी पडद्यावर ती क्षणभर उशिरा उमटते, आणि रिबाउंडच्या कामात तो क्षणच सर्व काही असतो.

या कामाची नोंद ठेवण्यात खरा खेळही उदार नव्हता. बिल रसेलने १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळविली. पण थोपविलेले चेंडू अधिकृतपणे मोजण्यास एनबीएने प्रारंभ केला १९७३ च्या हंगामात, त्याच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी. कचेरीत निदान टिपणीखाली आद्याक्षरे तरी उरतात.

कोणी म्हणेल, आता दिवस पालटले आहेत. २०१४ च्या निवडीत ४१ व्या क्रमांकावर आलेला सर्बियाचा निकोला योकिच २०२१, २०२२ व २०२४ साली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तोही सेंटर म्हणून. खरे आहे, पण त्याचा संघ आपण होऊन चेंडू त्याच्याकडे सोपवितो, आणि हा विश्वास वर्षानुवर्षांच्या सहवासाने येतो. दहा मिनिटांसाठी जमलेल्या पाच अनोळखी माणसांत तो कोठून यावा? गार्डास कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून ज्यास त्यास गार्ड व्हावयाचे असते. दोष नियमापेक्षा या अनोळखीपणाचा अधिक आहे, असे आमचे मत आहे.

म्हणून मुरलेले सेंटर एकटे उतरत नाहीत. पाटण्यास बदली झालेला आमचा एक स्नेही कोचीच्या एका गार्डासाठी रात्री साडेदहापर्यंत थांबतो. त्या गार्डास मराठी येत नाही, यास मल्याळम येत नाही. ‘स्क्रीन’ आणि ‘पास’ एवढ्या दोन शब्दांवर दोघांचे भागते.