माइक सिलिंजर : बारा संघांचा मानकरी

कॅनडाचे माजी व्यावसायिक आइस हॉकीपटू. जन्म २९ जून १९७१, रेजायना (सस्कॅचवान प्रांत). अमेरिका व कॅनडातील संघांच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे १२ संघांकडून खेळण्याचा विक्रम सिलिंजर यांच्या नावावर आहे.

१९८९ मध्ये नवोदितांच्या निवडीत डेट्रॉइट रेड विंग्जने त्यांना अकराव्या क्रमांकावर घेतले. १९९५ मध्ये त्यांची रवानगी अॅनाहाइमला झाली आणि भ्रमंती सुरू झाली. करारात खास तरतूद नसेल, तर या लीगमधील संघ खेळाडूच्या संमतीविना त्याला दुसऱ्या संघाकडे सोपवू शकतो. जुलै २००३ मध्ये कोलंबसने सिलिंजर यांना डॅलसकडे दिले. डॅलसने त्याच दिवशी त्यांना फिनिक्सकडे धाडले.

मात्र हा प्रवास नकोशा खेळाडूचा नव्हता. खेळ सुरू करताना पंच चकती टाकतात, तेव्हा ती जिंकण्यात आणि शिक्षेमुळे सहकारी बाहेर असताना बचाव करण्यात ते वाकबगार होते. अशा खेळाडूची गरज प्रत्येक संघाला भासते. २००५-०६ च्या हंगामात सेंट लुइस व नॅशव्हिल या दोन संघांकडून मिळून त्यांनी ३२ गोल केले.

नितंबाच्या सांध्याच्या दुखापतीनंतर २००९ मध्ये ते निवृत्त झाले. १,०४९ सामने व २४० गोल नावावर असूनही स्टॅनली कपने त्यांना हुलकावणी दिली. डेट्रॉइटने तो १९९७ व १९९८ मध्ये जिंकला, पण तेव्हा ते तेथे नव्हते. पुत्र कोल यांचा जन्म २००३ मध्ये कोलंबस येथे झाला. २०२१ मध्ये त्याच शहराच्या संघाने कोल यांची निवड केली.