टेबल कोणाचे?

रत्नागिरीच्या पावसाळ्यात वीज गेली म्हणजे ती केव्हा येईल याचा नेम नसतो. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यातल्या अशाच एका दिवशी आमचा एक अहवाल अर्धवट राहिला होता आणि घरात मिट्ट काळोख होता. कागदांची पिशवी आणि लॅपटॉप घेऊन आम्ही एस. टी. स्टँडजवळच्या एका उपाहारगृहात जाऊन बसलो. एक चहा मागवला. काम असे लागले की दोन तास कसे गेले ते कळले नाही. मान वर केली तेव्हा एक वाजला होता. चौघांच्या टेबलावर आमचे कागद पसरलेले होते आणि शेजारी एक वयस्कर गृहस्थ ओली छत्री हातात धरून उभे होते. गावची गाडी सुटण्यापूर्वी त्यांना दोन घास खायचे होते. ते आम्हाला काही बोलले नाहीत. पैसे देताना मालक तेवढे म्हणाले, "सर, सकाळचे या की हो निवांत. दहा ते बारा टेबलं रिकामीच असतात."

आमची कानउघाडणी व्हायला तेवढे पुरेसे होते. पण हेही खरे की, घरी चार तासांत झाले नसते इतके काम त्या दोन तासांत झाले होते. असे का होते? आणि ज्या टेबलावर ते झाले, त्या टेबलाचे आपण काय देणे लागतो? या प्रश्नांचा माग काढू लागलो तेव्हा साडेतीनशे वर्षांचा इतिहास हाती आला. त्यातला एक महत्त्वाचा धडा तर आमच्या रत्नागिरीतच घडलेला निघाला.

एका पेनीचे विद्यापीठ

लंडनमधले पहिले कॉफीहाऊस पास्क्वा रोझे या माणसाने १६५२ साली कॉर्नहिल भागातल्या एका गल्लीत उघडले. पुढच्या काही दशकांत अशी दुकाने शहरभर झाली. एक पेनी दिली की कॉफी मिळे, शेकोटीची ऊब मिळे, वर्तमानपत्रे वाचायला मिळत आणि जाणत्यांचे बोलणे कानावर पडे. म्हणून लोक त्यांना 'पेनी विद्यापीठ' म्हणू लागले.

१६७४ साली कॉफीहाऊसच्या नियमांचे एक पद्यमय पत्रक लंडनमध्ये छापले गेले. ते काहीसे गमतीने लिहिलेले आहे, पण त्यातले नियम विचार करण्याजोगे आहेत. आत येणाऱ्याने रिकामी असेल त्या जागेवर बसावे. मोठा माणूस आला म्हणून कोणी उठून जागा देण्याचे कारण नाही. शिवी दिली तर बारा पेन्स दंड. भांडण उकरून काढणाऱ्याने सर्वांना एकेक कॉफी पाजावी. ज्या समाजात माणसाची खुर्ची त्याच्या जन्मावरून ठरत होती, त्या समाजात 'आधी येईल तो बसेल' हा नियम साधा नव्हता.

राजाला तो खटकलाच. एका टेबलाभोवती परके लोक बसून राज्यकारभाराची चर्चा करतात हे दुसऱ्या चार्ल्सला मानवले नाही. डिसेंबर १६७५ मध्ये त्याने सर्व कॉफीहाऊसे बंद करण्याचा जाहीरनामा काढला. पण लोकांचा विरोध इतका झाला की, जानेवारी १६७६ मध्ये अंमल सुरू होण्यापूर्वीच तो मागे घ्यावा लागला.

टेबलावर काय काय झाले

आता कामाचे पाहू. स्प्रिंगच्या ताणाचा नियम आपण ज्यांच्या नावाने शिकवतो ते रॉबर्ट हूक रोजनिशी लिहीत. त्या रोजनिशीत कॉफीहाऊसांची नावे पुन्हा पुन्हा येतात. उपकरणे बनवणारे कारागीर, जहाजावरचे लोक, रॉयल सोसायटीतले सहकारी यांच्याशी त्यांची गाठ तिथेच पडे. प्रयोगशाळेत मिळणार नाही अशी माहिती टेबलावर मिळत असे.

एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीहाऊसचा पहिला उल्लेख १६८८ सालचा आहे. तिथे खलाशी आणि जहाजमालक जमत. कोणते जहाज कुठे पोचले, कोणते बुडाले, ही बातमी तिथे पक्की मिळे. त्यामुळे जहाजांचा विमा उतरवणारेही तिथेच बसू लागले. आजच्या प्रसिद्ध 'लॉइड्स' विमाबाजाराचा उगम असा कॉफीच्या टेबलावर आहे.

याच काळात अब्राहम द म्वाव्र हा फ्रेंच गणिती धर्मछळामुळे देश सोडून लंडनला आला होता. १६९७ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पण त्याला विद्यापीठात नोकरी कधीच मिळाली नाही. शिकवण्या कराव्यात आणि सेंट मार्टिन्स लेनमधल्या स्लॉटर्स कॉफीहाऊसमध्ये बसून, जुगारी किंवा विमेवाले आले की त्यांना शक्याशक्यतेची गणिते सोडवून द्यावीत, असा त्याचा चरितार्थ चाले. त्याचा संभाव्यतेवरील ग्रंथ १७१८ साली निघाला. पुढे १७३३ साली त्याने नाणेफेकीसारख्या प्रयोगांच्या निकालांसाठी जे सूत्र काढले, त्यात आपण आज जिला घंटाकृती वक्ररेषा म्हणतो ती प्रथम दिसते. संस्थेने ज्याला खुर्ची दिली नाही, त्याला कॉफीहाऊसने दिली.

मात्र या टेबलांचे गुणगान करताना एक गोष्ट नोंदवली पाहिजे. इंग्लंडमधल्या या कॉफीहाऊसांत गिऱ्हाईक म्हणून स्त्रियांना सहसा जागा नसे. काही कॉफीहाऊसे चालवणाऱ्या स्त्रियाच होत्या, पण टेबलाशी बसून चर्चा करणारे पुरुष. म्हणजे 'कोणीही बसावे' या नियमातल्या 'कोणीही'चा अर्थ तपासून घ्यावा लागतो.

वही आणि हंस

दुसरे उदाहरण विसाव्या शतकातले, त्या वेळच्या पोलंडमधल्या ल्वूव शहरातले. (आज हे शहर युक्रेनमध्ये असून ल्विव्ह या नावाने ओळखले जाते.) तिथल्या 'स्कॉटिश कॅफे'त स्टेफान बानाख, स्टानिस्वाफ माझूर, स्टानिस्वाफ उलाम हे गणिती तासन् तास बसत. टेबलांचे पृष्ठभाग संगमरवरी होते, त्यांवरच ते पेन्सिलीने गणिते लिहीत. रात्री टेबल पुसले की गणितही जाई! अखेर १९३५ साली बानाख यांच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली. ती कॅफेतच ठेवलेली असे आणि कोणी गणिती आला की वेटर ती काढून देई. सोडवायचे प्रश्न त्या वहीत लिहायचे आणि काही प्रश्नांना बक्षीसही लावायचे, अशी पद्धत पडली. नोव्हेंबर १९३६ मध्ये माझूर यांनी एका प्रश्नाला जिवंत हंसाचे बक्षीस लावले. तो प्रश्न १९७२ साली स्वीडनच्या पेर एन्फ्लो यांनी सोडवला आणि माझूर यांनी त्यांना खरोखरच हंस दिला.

वहीतल्या शेवटच्या नोंदीची तारीख मे १९४१ ची आहे. जूनअखेर जर्मन सैन्य शहरात शिरले आणि जुलैत ल्वूवच्या अनेक प्राध्यापकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत गणितज्ञही होते. वही वाचली. ज्या टेबलावर कोणीही प्रश्न लिहू शकत होता ते टेबल राहिले नाही.

कॅफिन आणि कलकलाट

तिथे काम का होते, याचे थोडे शास्त्र पाहू. मेंदू जागेपणी काम करीत असताना ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. मेंदूतील पेशींवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. तिथे ते जाऊन बसले की आपल्याला थकवा आणि झोप जाणवते. कॅफिनच्या रेणूची ठेवण ॲडिनोसिनशी मिळतीजुळती असल्याने तो त्याच जागा अडवतो. म्हणजे टेबल अडवून बसलेल्या गिऱ्हाइकासारखाच तो वागतो! थकवा नाहीसा होत नाही, त्याचा निरोप तेवढा अडतो. हे कॅफिन फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली कॉफीच्या बियांतून वेगळे केले. चहातले द्रव्य तेच आहे हे पुढे सिद्ध झाले, तेव्हा चहाबाज कोकणाला वाईट वाटण्याचे कारण नाही.

आवाजाचेही असेच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सुमारे ७० डेसिबलचा मध्यम गलका असताना कल्पकतेची कामे शांततेपेक्षा बरी होतात. ८५ डेसिबलला मात्र ती बिघडतात. आणखी एक प्रयोग २०१० सालचा आहे. दोन माणसांचे संपूर्ण संभाषण कानावर पडले तर लक्ष फारसे विचलित होत नाही, पण फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू ऐकू आली तर होते. न ऐकू येणारी बाजू काय असेल, याचा अंदाज मेंदू नकळत बांधत राहतो. तेव्हा दुकानात मोबाईलवर मोठ्याने बोलू नये, हा नुसता संस्काराचा नव्हे, शेजारच्याच्या मेंदूचाही प्रश्न आहे.

आपल्याकडचा प्रश्न

कामासाठी टेबल हवे, पण त्याआधी टेबलाशी बसता आले पाहिजे. आपल्याकडे ही पहिली पायरीच सर्वांत अवघड होती.

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ सालचा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ते, न्यायमूर्ती रानडे आणि इतर काही मंडळी गेली असता तिथे चहा-बिस्किटे देण्यात आली. ही बातमी वर्तमानपत्रात फुटली आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्तांपर्यंत पोचले. एका पेल्याने सारे पुणे ढवळून निघाले. आणि हा वाद समाजाच्या वरच्या थरातला. खालच्या मानलेल्या थरांना तर टेबलच नव्हते. हॉटेलच्या बाहेर उभे राहायचे आणि वेगळ्या ठेवलेल्या, स्वतः धुवायच्या कपात वरून ओतलेला चहा प्यायचा.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना स्पृश्यांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावल्याबद्दल मार खावा लागला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन चहाचे हॉटेल काढायला लावले. लोक यायला कचरत, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि आपल्या सोबतच्यांनाही पाजू लागले. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. प्रश्न तोच होता : सार्वजनिक वस्तू सर्वांची आहे की नाही?

रत्नागिरीत वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध होते. राजकारणाला बंदी असल्याने त्यांनी समाजसुधारणेचे काम हाती घेतले. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंना खुले झाले. त्यानंतर १ मे १९३३ रोजी इथे 'अखिल हिंदू उपाहारगृह' सुरू झाले. तिथे पदार्थ वाढायला महार समाजातली व्यक्ती नेमलेली होती आणि सर्व जातींच्या लोकांनी एकत्र बसून खावे अशी अपेक्षा होती. सहभोजनाच्या नुसत्या कल्पनेने माणसे वाळीत पडत, त्या काळातली ही गोष्ट आहे. नावातच त्या प्रयोगाची मर्यादाही आहे, कारण सर्व धर्मांसाठी तो नव्हता. तरी एका छोट्या गावात रोजच्या चहाच्या कपाने एक भिंत पाडायला घेतली, ही नोंद मोलाची आहे.

हा प्रश्न कायद्याने मिटला तो २६ जानेवारी १९५० रोजी. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला मज्जाव करता येत नाही. लंडनच्या पत्रकातला 'कोणीही बसावे' हा नियम गमतीचा होता. आपल्या घटनेत तो हक्क आहे, आणि त्यात स्त्रियाही आल्या.

वर्गासाठी एक गणित

आता पुन्हा आमच्या टेबलाकडे येऊ. हे गणित आठवी-नववीच्या वर्गात घालून पाहावे. साडेबारा ते एक हा गर्दीचा अर्धा तास धरला तर आम्ही चार खुर्च्या तीस मिनिटे अडवल्या. चार गुणिले तीस म्हणजे १२० 'खुर्ची-मिनिटे' झाली. एका माणसाला जेवायला वीस मिनिटे लागतात असे मानले तर आम्ही एका चहाच्या किमतीत सहा माणसांचे जेवण अडवले. त्यांतले एक गृहस्थ ओली छत्री घेऊन शेजारी उभे होते.

गणित सुटले की नियम आपोआप सुचतात. रिकाम्या वेळी जावे. एकट्याने लहान टेबल घ्यावे. तासाला काहीतरी मागवावे. आवाज खाली ठेवावा आणि फोनवर बाहेर जाऊन बोलावे. गर्दी झाली की कोणी सांगण्याची वाट न पाहता उठावे. टेबल पुसणाऱ्या पोराला काम वाढेल असा पसारा ठेवू नये. विद्यार्थ्यांना आपल्या गावातल्या हॉटेलात अर्धा तास निरीक्षणाला पाठवावे, अर्थात मालकाला विचारून आणि चहा घेऊन! कोण येते, किती वेळ बसते, याबरोबर कोण येत नाही हेही त्यांना टिपायला सांगावे. मुली येतात का? आल्या तर निवांत बसतात का? वेगळा कप आज दिसत नाही, पण रिकामी खुर्ची कोणासाठी रिकामी राहते, हे पाहण्याजोगे आहे.

पुढे आम्ही त्याच उपाहारगृहात सकाळी दहाला जाऊ लागलो. भिंतीकडेचे दोघांचे टेबल, आधी एक चहा, तासाने दुसरा. तो अहवाल तिथेच पूर्ण झाला. बाराच्या सुमारास आम्ही कागद आवरू लागलो की मालक हसून मान डोलावत आणि आमची खुर्ची दुसऱ्या कोणाची तरी होई.