विसरभोळेपणा की डिमेन्शियाची सुरुवात? आधी दिसणारे बदल ओळखा

'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपण घरातल्या मोठ्यांचं विसरणं हसण्यावारी नेतो. पण डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंश हा वयाचा भाग नाही, तो मेंदूच्या आजारांमुळे होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना तो असावा. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळलं.

आजाराआधीचा टप्पा कोणता?

स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती वयाच्या मानाने जास्त कमी झालेली असते, पण माणूस रोजचे व्यवहार स्वतः करू शकतो. या टप्प्याला 'सौम्य बौद्धिक घट' म्हणतात. अशा प्रत्येकाला पुढे डिमेन्शिया होतोच असं नाही. काही जण वर्षानुवर्षे तसेच राहतात, काही सुधारतातही.

अल्झायमरमध्ये आधी काय बदलतं?

बहुतेकदा ताज्या घटनांची आठवण. तरुणपणीच्या गोष्टी तपशिलात सांगणाऱ्या आजीला काल कोण पाहुणे आले होते ते आठवत नाही, आणि आठवण करून दिली तरी लक्षात येत नाही. तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातो, नेमका शब्द सुचत नाही. घट हळूहळू वाढते. मेंदूतले बदल मात्र लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीच सुरू झालेले असतात.

रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात?

इथे मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो. त्यामुळे विसरण्याआधी अनेकदा संथपणा येतो. राब भाजणी, पेरणी, लावणी हा क्रम आयुष्यभर सांभाळलेला शेतकरी कामांची आखणी करताना गोंधळतो, हिशेबाला वेळ लावतो, गप्प गप्प राहतो. चाल मंदावते. अर्धांगाच्या झटक्यानंतर घट एकदम, पायरी उतरल्यासारखी दिसू शकते. उतारवयात दोन्ही आजार एकत्र असणंही सामान्य आहे.

खेड्यात हे उशिरा का कळतं?

शहापूर तालुक्यातल्या शेणवा परिसरात किंवा शेजारच्या मुरबाडमध्ये बँकेचं काम मुलगा करतो, बाजार सून करते. त्यामुळे आजोबांची चूक व्हायला वावच राहत नाही. त्यात वाचन-लेखनावर आधारलेल्या चाचण्या न शिकलेल्यांना लागू पडत नाहीत. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या अभ्यासासाठी निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार करण्यात आली होती.

आशाताई घरोघरी भरून घेतात त्या तपासणी अर्जात साठीवरच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरता का? पण पत्ता विसरेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. त्याआधीचे बदल घरच्यांनीच सांगायला हवेत.

मग काय करायचं?

बदल सहा महिने-वर्षभरात वाढताना दिसला, तर तो कधी सुरू झाला आणि काय चुकतं ते लिहून ठेवा व प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणं, काही औषधं यांमुळेही विसर पडतो, आणि यावर उपाय आहेत.

रक्तदाब आणि साखर नियमित तपासा. गोळ्या मनाने बंद करू नका. तंबाखू, मिश्री, दारू सोडा. रक्तवाहिन्यांमुळे होणारी घट यातूनच सर्वांत जास्त रोखता येते. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार, बदलता येण्याजोगी १४ कारणं टाळली तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया रोखता किंवा लांबवता येऊ शकतात.

तातडी कधी?

अचानक गोंधळ, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं हे म्हातारपण नव्हे. लगेच १०८ ला फोन करा. ज्येष्ठांसाठी मदत आणि माहिती हवी असेल तर १४५६७ या हेल्पलाइनवर मिळते.