समुद्रातले तेल आणि घाटावरचे पाणी

कर्जत-खालापूर हा डोंगरपायथ्याचा मुलूख. भर समुद्रातल्या तेलाशी आपला काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण हे तेल जिथे जमिनीला लागते, ते उरण आपल्याच जिल्ह्यातले.

१९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने समुद्रतळाची पाहणी झाली आणि मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेलाचा सुगावा लागला. तिथे खोल समुद्रात विहीर खणायची कशी? १९७३ च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धामुळे परदेशी तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि निकड वाढली. जपानमध्ये बांधून आणलेल्या ‘सागर सम्राट’ या यंत्रनौकेने समुद्रतळावर पाय रोवले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. एक रुपयाच्या नोटेवर छापलेले चित्र याच नौकेचे. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. प्रथम तेल जहाजांतून येई. पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत नळ टाकले गेले. तेलाबरोबर येणाऱ्या वायूपासून उरणला स्वयंपाकाचा गॅसही काढतात.

पुष्कळांची समजूत असते की, जमिनीखाली तेलाचे तळे असते. तसे नाही. आपल्याकडच्या भट्टीतली वीट पाण्यात टाकली की पाणी पिते ना? तसे मुंबई हायचे तेल चुनखडीच्या बारीक छिद्रांत मुरलेले आहे. विहिरी पाडल्या की आतल्या दाबाने ते वर चढते. दाब उतरू लागला की खडकात पाणी कोंबून तेल पुढे रेटावे लागते. तरीही सगळे हाती येत नाही.

हे काम जिवावरचेही आहे. जुलै २००५ मध्ये एक जहाज फलाटावर आदळून आग लागली, त्यात २२ माणसे गेली.

आता खोपोलीकडे पाहा. १९१५ पासून तिथे लोणावळ्याकडचे पाणी घाटाखाली सोडून वीज काढतात. ते पाणी पुढे पाताळगंगेला मिळते आणि पावसाळा आला की घाटावरची धरणे पुन्हा भरतात. चुनखडीतले तेल मात्र असे भरून येत नाही. १९८० नंतरच्या दशकात भरात आलेले मुंबई हायचे उत्पादन पुढे उतरत गेले, ते यामुळेच.

गुरुजनहो, वर्गात वीट भिजवून दाखवा. शेतकरी बंधूंनो, पंपात डिझेल ओतताना ती वीट आठवा. एक दरसालचे उत्पन्न, दुसरी पुंजी. पुंजी मोडून खाताना हिशेब ठेवावा लागतो, हे घरसंसार करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.