स्वस्तातला ‘१६ टीबी’ ड्राइव्ह: आकडा खरा, की जागा?

काहीशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह, दीड-दोन हजारांत १६ टीबीचा एसएसडी. अशा जाहिराती सोशल मीडियावर सतत दिसतात. पार्सल घरी येतं, ड्राइव्ह कम्प्युटरला लावला की जागाही तेवढीच दिसते. मग फसवणूक कुठे होते?

खोटा आकडा कसा दिसतो?
ड्राइव्हमध्ये डेटा साठवणारी मेमरी चिप असते आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. जागा किती आहे, हे कम्प्युटरला कंट्रोलर सांगतो. कम्प्युटर ती मोजून बघत नाही. बनावट ड्राइव्हमध्ये कंट्रोलरचं फर्मवेअर बदललेलं असतं. त्यामुळे चिप ६४ जीबीची असली तरी तो बिनदिक्कत २ टीबी सांगतो. ‘एसएसडी’ म्हणून विकलेल्या काही डब्या उघडल्यावर आत फक्त चिकटवलेली मेमरी कार्डं सापडली आहेत.

खरा धोका कोणता?
पैशांपेक्षा डेटाचा. सुरुवातीचे ६४ जीबी नीट साठतात, म्हणून शंका येत नाही. चांगले रिव्ह्यूही बहुतेकदा याच टप्प्यावर लिहिलेले असतात. त्यानंतरचा डेटा एकतर कुठेच साठत नाही किंवा जुन्या डेटावर लिहिला जातो. फाइलचं नाव आणि साइज दिसते, पण फाइल उघडत नाही. लग्नाचे फोटो ड्राइव्हवर टाकून मोबाइलमधून डिलीट केले असतील, तर ते गेलेच. जे साठलंच नाही, ते रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही सापडत नाही.

तपासायचं कसं?
विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’, तर मॅक आणि लिनक्सवर ‘एफ३’ ही मोफत टूल्स वापरता येतात. ती पूर्ण ड्राइव्ह भरून, लिहिलेला डेटा पुन्हा वाचून बघतात. याला काही तास लागू शकतात. रिटर्नची मुदत संपण्याआधी, ड्राइव्ह रिकामा असतानाच ही चाचणी करावी.

फसवणूक झाली तर?
टेस्टच्या निकालाचा स्क्रीनशॉट ठेवून आधी विक्री करणाऱ्या साइटकडे तक्रार करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणं आणि महिन्याभरात ती निकाली काढणं अपेक्षित आहे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. परदेशातून थेट मागवलेल्या वस्तूचे पैसे परत मिळवणं मात्र अवघड जातं. अनेकदा परत पाठवण्याचा खर्चच वस्तूपेक्षा जास्त होतो.