तीन महिन्यांत ‘बॉडी’ बनते का? स्नायू वाढण्याचा खरा वेग आणि स्टेरॉइडचा धोका

‘९० दिवसांत कायापालट’ अशा जाहिराती आणि रीलमधले ‘आधी-नंतर’चे फोटो पाहून अनेक तरुण जिम लावतात. तीन महिन्यांनी आरशात तसं काही दिसत नाही. मग कुणीतरी ‘एक कोर्स कर’ असा सल्ला देतं. हा कोर्स अनेकदा अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचा असतो. पण मुळात अपेक्षाच अवास्तव असेल तर?

स्नायू किती वेगाने वाढतात?

सुरुवातीला जास्त वजन उचलता येऊ लागतं, ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा चांगला वापर करायला शिकते म्हणून. आकार त्यानंतर हळूहळू वाढतो. व्यायाम, आहार आणि झोप नीट असेल, तर नवख्या पुरुषाला पहिल्या काही महिन्यांत दरमहा अर्धा ते एक किलो स्नायू मिळणं ही चांगली प्रगती मानली जाते. पुढे हा वेग कमी होत जातो.

स्टेरॉइडने किती फरक पडतो?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. त्यात ४३ पुरुषांचे चार गट केले होते. काहींना १० आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देण्यात आलं.

- फक्त व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे २ किलोने वाढलं.
- व्यायाम न करता फक्त टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं सुमारे ३ किलोने वाढलं.
- दोन्ही करणाऱ्यांचं सुमारे ६ किलोने वाढलं.

म्हणजे घाम न गाळता इंजेक्शन घेणारेही मेहनत करणाऱ्यांच्या पुढे गेले. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या शरीराशी स्वतःची तुलना केली, तर निराशा ठरलेलीच.

धोका काय?

हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळापुरता होता. जिममध्ये मात्र अनेकदा दोन-तीन औषधं एकत्र आणि महिनोन् महिने घेतली जातात. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, काहींची छाती स्त्रियांसारखी वाढते. चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्त घट्ट होतं, हृदयाचा स्नायू जाड आणि कमजोर होऊ शकतो. गोळ्यांमुळे यकृताला इजा होऊ शकते. किशोरवयात उंची खुंटू शकते. स्त्रियांचा आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो.

दम्याचं स्टेरॉइड हेच का?

नाही. दमा किंवा सूज यांवर दिली जाणारी स्टेरॉइड वेगळी असतात, त्यांनी स्नायू वाढत नाहीत. ती घाबरून परस्पर बंद करू नयेत.

कायदा काय सांगतो?

भारतात टेस्टोस्टेरॉनसारखी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. खेळात त्यांवर बंदी आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचं १०० मीटरचं सुवर्णपदक स्टॅनोझोलॉल या स्टेरॉइडमुळेच काढून घेण्यात आलं होतं.

मग काय करावं?

वजन हळूहळू वाढवत नियमित व्यायाम, शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं आणि पुरेशी झोप, हा मार्ग संथ पण भरवशाचा आहे. प्रगती आठवड्यांत नव्हे, वर्षांत मोजावी. कोर्स आधीच सुरू असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये. तो अचानक थांबवल्यावर थकवा आणि तीव्र नैराश्य येऊ शकतं, म्हणून बंद करतानाही हार्मोनतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.